दादाचं आमेन

रविवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना असते. आई, दादा आणि मी. डोळे मिटायचे, एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची, ती संपली की बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. गेला महिनाभर दादानं माझ्या प्रार्थनेला आमेन म्हटलं नव्हतं. सख्ख्या बहिणीच्या!

बंद कारखान्याच्या खोल्या निर्वासितांना द्यायच्या की नाही, यावरून अख्ख्या शहराची डोकी फिरली होती. मी दवाखान्यात नर्स. त्यांची पोरं रोज माझ्यापुढे खोकतात, म्हणून मी म्हणायचे, द्या. दादा वर्कशॉपात लेथवर असतो. तो म्हणायचा, मुळीच नको. मग मी डोळे मिटून सुरू व्हायचे, "प्रभू, या घरात काहींची काळजं दगडाची झालीत, त्यांना पाझर फुटू दे." दादा तरी कमी का? "प्रभू, काहींना घरच्यांपेक्षा परके जवळचे वाटतात, त्यांना अक्कल दे."

शेवटी आई कडाडली, "देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवून काय भांडताय? डोळे उघडा आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोला!"

उघडले. दादा खाली बघत म्हणाला, "निम्म्या पाळ्या आधीच कमी केल्यात. स्वस्तात राबणारे आले की पहिला मी घरी बसणार. भीती वाटते गं."

इतकंच होतं होय! मी त्याला दगड म्हणत राहिले आणि एकदाही विचारलं नाही. मग मी त्याला पोरांचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मत मात्र त्याचंही बदललं नाही आणि माझंही नाही.

शहराच्या सभेत मी बोलायला उभी राहिले. पोरांचा खोकला सांगितला, तशी लेथवरच्यांची भीतीही सांगितली. म्हटलं, खोल्या द्या, पण इथल्या कुणाची पाळी जाणार नाही असं वर्कशॉपच्या मालकांकडून लिहूनही घ्या. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ चर्चवाल्या बाई, बसा खाली!"

दादा ताडकन उठला. "ती चुकतेय. पण तिचं बोलून होऊ दे. बहीण आहे माझी."

माझं बोलून झालं. सभागृह गप्प. आणि त्या शांततेत, निव्वळ सवयीनं, दादाच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "आमेन!"

असा हशा पिकला म्हणून सांगू! दादा कानापर्यंत लाल. मग मतदान झालं आणि या पठ्ठ्यानं हात वर केला तो विरोधातच. तरी थोड्या मतांच्या फरकानं निर्वासितांना खोल्या मिळाल्या.

पुढच्या रविवारी माझी प्रार्थना एका ओळीत आटोपली. "प्रभू, माझ्या दादाबद्दल तुझे आभार."

डोळे मिटून वाट बघत बसले.

"आता स्वतःच्याच कौतुकाला आमेन कसं म्हणू?" दादा पुटपुटला.

"म्हण मेल्या," आई म्हणाली, "महिनाभराचं राहिलंय."

म्हटलं त्यानं. मी मात्र डोळे उघडलेच नाहीत, नाहीतर रडताना दिसले असते.