उंच कॉलरचा कोट

यातलं एक अक्षरही तुम्हाला खरं वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाटलंच, तर दोष तुमचा.

अक्काचे केस इतके लांब होते, की ती गच्चीवर केस वाळवत बसली की खालच्या मजल्यावरची बाई त्यावर आपले टॉवेल वाळत घालायची. चिमटे लावून! संध्याकाळी उठण्याआधी अक्का ओरडायची, "टॉवेल काढा हो, मी निघाले!" एकदा कुणाचा तरी मोजा तसाच राहिला, वेणीत गुंफला गेला आणि आठवडाभर अक्काबरोबर गावभर हिंडला. मोज्याचा मालक बिचारा एकाच पायात मोजा घालून कामावर जात होता. पटत नसेल तर केसांची लांबी हातभर कमी करा. त्याहून कमी मात्र करू नका. तिथून पुढे खरं ते सुरू होतं.

ही टॉवेलांची हकीकत अक्काचा धाकटा भाऊ दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. तो शिंपी, म्हणून लोक त्याला मास्तर म्हणत. आणि तोंड उघडलं की थाप, म्हणून बंडलमास्तर. शर्टाला बटण लावता लावता तो त्या बटणाची सात पिढ्यांची कुळकथा सांगे. गिऱ्हाईक शर्ट घ्यायला येई आणि गोष्ट घेऊन जाई; शर्ट कधीकधी दुकानातच विसरे.

त्याच्या थापा पकडणारं माणूस जगात एकच. अक्का. लहानपणापासून तिची पद्धत ठरलेली. आधी शांतपणे सगळं ऐकायचं, मग एकच प्रश्न विचारायचा, आणि तो प्रश्न बरोबर त्या भोकात जायचा जिथून गोष्ट गळत असे. "वाघ पोहत आला ना? मग मिशा कोरड्या कशा?" मास्तर गडबडला, की ती ठणठणीत आवाजात म्हणायची, "थाप!" आणि थाप पकडली गेली की शिक्षा एकच: अक्काची वेणी घालून द्यायची. एवढाल्या केसांची वेणी म्हणजे काय गंमत नव्हे. तीन पेड धरता धरता त्याचे हात भरून यायचे. पण त्याच्या बोटांत जी सफाई आली ती त्या वेणीनंच आली, कात्री नंतरची. पुढे पुढे तर तो मुद्दाम कच्ची थाप मारायचा. अक्कालाही ते कळायचं.

दुकान दोघांनी मिळून उभं केलं. मास्तर कापायचा, शिवायचा; अक्काकडे हातशिलाई, काजं-बटणं आणि शेवटची नजर. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय कपडा बाहेर जात नसे. ती तो उलटा करायची, शिवणीवरून बोट फिरवायची आणि आत जादा कापड सोडलंय ना ते बघायची. शिंपी त्याला माया म्हणतात. "माणूस सुटतो, आवळतो," ती सांगायची. "उद्या उसवायची वेळ आली तर आत काहीतरी पाहिजे." आणि मास्तरला दम द्यायची, "जिभेनं गावाला फसव, बंडल्या. कात्रीनं नाही." त्यानं ते पाळलं. जिभेला हाड नसतं म्हणतात. त्याच्या कात्रीला मात्र होतं.

तिचे स्वतःचे कपडे केसांनी ठरवलेले. पाठीमागे गळा खोल, कारण वेणी कॉलरला घासली की दोन्ही खराब. रंग साधे, राखाडी, फिका निळा, फार तर मातकट. "केस एवढे बोलतात," ती म्हणायची, "निदान कपड्यांनी तरी गप्प बसावं." पहिल्या कमाईतून तिनं लांब लोंबते झुमके घेतले होते, खांद्याला टेकतील असे. एकदाच घातले. केसांत असे अडकले, की मास्तरला कात्री घेऊन धावावं लागलं, आणि केस कापू देईना म्हणून शेवटी झुमक्याची कडी कापावी लागली. कडी दुरुस्त झाली; झुमके डबीत गेले ते कायमचे.

मग आजार आला. आजारामागून औषध आलं, आणि औषधामागून केस गेले.

केस गेल्याचं मास्तरनं सोसलं. उशीवरचा तो पुंजका त्यानं स्वतः गोळा केला, अक्काच्या लेकीला दिसू नये म्हणून खिशात घातला. सोसलं नाही ते पुढचं. एके दुपारी तो वर अक्काच्या खोलीत जाऊन बसला (ती लेकीबरोबर दुकानाच्या वरच राहायची) आणि तिला हसवायला म्हणून त्यानं एक धडधडीत थाप मारली: आज एक गिऱ्हाईक घोड्यासाठी विजार शिवायला आलं होतं, म्हणे चारी पायांची, इस्त्रीच्या घडीसकट. आणि वाट बघत बसला. आता ती विचारेल, नाडी कुठे बांधायची रे?

अक्का म्हणाली, "हो का? बरं झालं."

मास्तर खाली आला आणि मशीनवर बसला. बराच वेळ मशीन चालवत होता. भाची काहीतरी विचारायला खाली उतरली, तर सुईत दोराच नव्हता.

"मामा," ती हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणाले..."

"मला कळलं काय म्हणाले ते. तू वर जा."

त्यानंतर त्यानं थापांचा नुसता पाऊस पाडला. एकीपेक्षा एक लंगड्या थापा. शेंबड्या पोरानं पकडाव्यात अशा. अक्का प्रत्येकीला मान डोलवायची. जणू इतकी वर्षं तिनं राखलेलं दार आता सताड उघडं टाकलं होतं, यावं त्यानं, जावं त्यानं. तिला पटत होतं असं नाही. तिला आता काही पकडायचंच नव्हतं.

अक्काच्या तीन मैत्रिणी होत्या. एक पोस्टातली, एक नर्सबाई, आणि एक नुसतीच जाडी. दर रविवारी सकाळी चौघी बागेतल्या एकाच बाकावर बसायच्या. केस गेल्यापासून अक्का गेली नव्हती. त्यांनाही घरी येऊ देत नव्हती. एकदा नर्सबाईनं निरोप पाठवला, "लवकर ये. तुझी जागा रिकामी आहे, त्यामुळे जाडी बसली की आम्ही दोघी वर उचलल्या जातो."

निरोप ऐकून अक्का किती दिवसांनी हसली. मग म्हणाली, "या रविवारी जाईन म्हणते. पण अशी नाही."

"अशी म्हणजे कशी?" मास्तरनं विचारलं.

"आरशात कोण बसलेलं असतं ते मलाच कळत नाही. त्यांना काय ओळखू येणार?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तू अर्ध्या गावाला कपडे घातलेस. मलाही घाल. मी, मीच दिसले पाहिजे. एवढंच."

मास्तर दुकानातलं होतं नव्हतं ते उचलून वर घेऊन गेला. भाचीनं आधीच एक केसांचा टोप आणून ठेवला होता. अक्कानं तो चढवला, आरशात पाहिलं.

"आई, छान दिसतोय गं," लेक म्हणाली.

"छान दिसतोय. दिसतेस नाही म्हणालीस." अक्कानं टोप काढून लेकीच्या हातात दिला. "ही बाई विमा विकायला आलीये. तिला म्हणावं, घरात कुणी नाही."

तिघंही हसली. मग टोप्या. मास्तरनं एक मखमली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि नकळत सुरू झाला, "ही साधी टोपी नाही अक्का. हिच्या मालकाच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावरून कुंडी पडली. कुंडी फुटली, टोपीला ओरखडा नाही. रोप टोपीतच रुजलं. माणूस वर्षभर डोक्यावर गुलाब घेऊन फिरला, बायको रोज सकाळी पाणी घालायची."

तो थांबला. मधे एवढं मोठं भोक ठेवलं होतं, की त्यातून बैलगाडी जावी. कुंडी फुटली, तर माती कुठे गेली? विचार ना अक्का. माती कुठे गेली?

"हो का?" अक्का म्हणाली. "जड आहे रे ही. काढ."

मास्तरनं टोपी काढली. रुमाल झाले, ओढण्या झाल्या. पांढऱ्यात ती भिंतीसारखी दिसत होती. राखाडी रंग, जो जन्मभर तिला शोभला, तो आता तिच्या चेहऱ्यावर चढून बसला. पूर्वीच्या ड्रेसचा मागचा खोल गळा उघडा पडला होता; वेणी नसल्यावर तिथे नुसती दोन हाडं आणि त्यांच्यामधला खळगा.

मग त्यानं सगळंच बाजूला केलं. तोंड बंद ठेवलं, हे त्याच्या बाबतीत विशेषच. खिडकीशी खुर्ची ओढली, तिला उजेडात बसवलं आणि नुसतं बघत राहिला. केसांच्या त्या संभाराखाली इतकं लहान, इतकं नेटकं डोकं होतं? अंड्यासारखं गोल. कान किती नाजूक. या डोक्यावर काही चढवायची गरजच नव्हती. पण मानेला आता कुणी राहिलं नव्हतं.

"डाळिंबी," तो म्हणाला. "गर्द डाळिंबी कोट. कॉलर उंच, मागून मान धरून ठेवील अशी. डोक्याला त्याच कापडाचा पातळ रुमाल, मागे गाठ. आणि झुमके."

"कुठले झुमके?"

"डबीतले. आता कशात अडकणारेत?"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. पण अक्का डबीच्या कपाटाकडे बघत होती. "गाठीची टोकं आखूड ठेव," ती म्हणाली. "वेणीचं सोंग नको मला."

त्या एका वाक्यासाठी मास्तरनं आख्खं दुकान विकलं असतं.

तिची मापं घेताना फीत जिथे तिथे जवळच येऊन मिळत होती. खाली येऊन त्यानं कापड टेबलावर पसरलं, खडूनं आखलं, आणि खडूच्या रेघेबाहेर नेहमीसारखी मायेची दुसरी रेघ मारायला गेला. हात थांबला. आत जाड शिवण राहिली तर तिच्या बरगड्यांना टोचेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. शिवण पातळ करून माया ठेवता आली असती, हेही खरं होतं. तेवढं त्यानं स्वतःला सांगितलं नाही. कात्री पहिल्याच रेघेवरून, काठाकाठानं गेली. डाळिंबी चिंध्या जमिनीवर पडल्या. त्या त्यानं झाडल्या नाहीत.

रविवारी सकाळी अक्कानं कोट घातला. रुमाल बांधला. लेकीनं कानात झुमके अडकवले. ते मोकळेपणी हलले, खांद्याला टेकले, कुठेच अडकले नाहीत. उंच कॉलरमध्ये मान सरळ झाली. डाळिंबी रंगानं गालांना थोडा उसना उजेड दिला.

अक्का आरशासमोर खूप वेळ उभी राहिली.

"कोण ही बाई?" अखेर ती म्हणाली. "बरी दिसते की. ओळख करून द्या."

लेक तोंड फिरवून खिडकीकडे गेली.

"मामा, रिक्षा बोलावते," ती तिकडूनच म्हणाली, आणि बोलावली मात्र नाही.

आनंद असो, दुःख असो, मास्तरच्या आतून वर येणारी प्रत्येक गोष्ट जिभेवर एकच रूप घ्यायची. तो सुरू झाला. "यंदापुरता असाच घाल. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तू अशी भरशील अक्का, की जाडीला बाकाचं दुसरं टोक पकडून बसावं लागेल. केस मानेपर्यंत येतील, तेव्हा कॉलर उतरवू. वेणीएवढे झाले की मागचा गळा खोल करू. आणि दोन्ही कडा उसवून कोट हा एवढा सैल करू. आत भरपूर कापड सोडून ठेवलंय मी, दोन हिवाळे पुरेल एवढं."

अक्का ऐकत होती. पूर्वीसारखी, शांतपणे, सगळं. तिचा उजवा हात सवयीनं कोटाच्या आत गेला. बोट बगलेपासून शिवणीवरून खाली सरकत गेलं. शेकडो कपड्यांवरून असंच गेलेलं बोट. कमरेपर्यंत आलं, थांबलं, परत वर गेलं. तिनं दुसऱ्या बाजूची शिवणही तपासली.

मग तिनं आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांत नसलेलं काहीतरी हललं.

"सैल करणार ना?"

"हो तर."

"उसवून?"

"उसवून. सोपं आहे."

"मग कापड कुठाय, बंडल्या?"

मास्तरनं तोंड उघडलं. कापडाची एक आख्खी हकीकत घशापर्यंत आली होती. उंदीर होते तिच्यात, आणि वादळ होतं. खिडकीपाशी लेकीचे खांदे हलायला लागले होते. अक्कानं कोटातून हात बाहेर काढला, कॉलर नीट केली, आणि गच्चीवरून टॉवेलवालीला हाक मारायची त्याच ठणठणीत आवाजात म्हणाली,

"थाप!"