शेवटचं अक्षर गिळणारा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. बदलापुरात, शिरगावच्या बुद्धविहाराच्या गच्चीवर मला बांधलं आहे. मित्रांनो, माझं तोंड मोठं, पण ते कायम दुसऱ्याचंच बोलत आलं. आज माझं सांगतो. सुरुवात एका वाईट रविवारापासून करतो.

त्या सकाळी वंदना झाली आणि धोंडिबाने माइक घेतला. धोंडिबा म्हणजे सुंदराबाईचा नवरा. आठवडाभर अंबरनाथच्या कारखान्यात लेथ चालवायचा आणि रविवारी विहारात माझी मशीन. "हॅलो, माइक टेस्टिंग" याच्यापुढे तो कधी गेला नव्हता. पुढचं सगळं सुंदराबाई बोलायची. त्या दिवशी तो दवाखान्यातून थेट विहारात आला होता. म्हणाला, "हॅलो. हॅलो. सुंदराबाई गेली."

खालून शेजारच्या गोजरबाईने विचारलं, "कुठं, उल्हासनगरला? मग येईल की सांजच्याला."

धोंडिबाने मशीन बंद केली. मग खालच्या लोकांना त्या 'गेली'चा अर्थ कळला.

माझा जन्म उल्हासनगरचा. तिथल्या वस्त्यांना नंबराने कॅम्प म्हणतात. पत्र्याच्या शेडमध्ये मला ठोकून घडवलं आणि गळ्यावर 'मेड इन जपान' अशी चिठ्ठी चिकटवली. शहाऐंशी साली सुंदराबाई आणि धोंडिबा विहारासाठी भोंगा घ्यायला आले. तिने चिठ्ठी वाचली.

"शेठ, जपान कितव्या कॅम्पात येतं?"

दुकानदार हसला. "पाच नंबर, ताई. भावाची शेड आहे."

तो खरं बोलला म्हणून तिने मला त्याच्याकडूनच घेतलं.

गच्चीवर चढवताना मी धोंडिबाच्या हातून निसटलो आणि पायरीवर आपटलो. कडेला मोठा पोचा आला. तेव्हापासून वारा असला की बोलण्यातलं शेवटचं अक्षर मी गिळतो. विहारात सगळे समजून घ्यायचे.

वंदनेनंतर सुंदराबाई वस्तूंची खबर सांगायची. कुठलं तिखट पाण्यात टाकलं की मिरची पांढरी पडते, कुठल्या तेलाला फेस येतो, कुठला माल बनवणाऱ्यांना नीट वागवलं जात नाही. बाया आपापला अनुभव आणून द्यायच्या, ती स्वतः बघून खात्री करायची, मगच बोलायची. एकदा गोजरबाई म्हणाली, "माझ्या नणंदेच्या जिभेचं पण सांग."

"ती दुकानात मिळत नाही गं. ते राहू दे."

वांगणीपलीकडच्या वाडीतली भिकी रविवारी विहाराच्या दाराशी करवंदं विकायला बसायची. एकदा ती पानात करवंदं भरून देत असताना सुंदराबाईने तिचे हात पाहिले. सोलून निघाले होते.

"हे काय गं?"

"शेडात पावडर भरते ना, कपडं धुवायची. सोडा हाताला लागतो, बाय. भाकर मोडाया गेले का रगत येतं."

"आणि हातमोजे?"

"शेठ बोलतो, मोजं घातलं का काम हळू व्हतं."

सुंदराबाई त्या शेडात जाऊन आली. पुढच्या रविवारी तिने माझ्यातून सांगितलं, "लखलख पावडर, शेठ हातमोजे देईपर्यंत घेऊ नका."

वारा होता. मी 'का' गिळला. खाली पोचलं ते एवढंच: "शेठ हातमोजे देईपर्यंत घेऊन..." पुढचं लोकांनी आपल्या मनाने भरलं. कसली तरी स्कीम आहे, शेठ हातमोजे देईपर्यंत घेत राहायचं, असा सगळ्यांचा समज झाला.

दोन दिवसांनी किराणावाली मोतीबाई आली. "सुंदरा, तेरे भोंगे ने तो कमाल किया. सगळा माल खलास. पण बायका माझ्याकडे हातमोजा मागते, मैं कहां से दूं?"

सुंदराबाई पायरीवर बसली. धोंडिबा म्हणाला, "रेडिओवालेही अशी जाहिरात करत नाहीत." त्या दुपारी त्याला भाकरी स्वतः वाढून घ्यावी लागली.

भिकी मात्र हसली नाही. "काम दुप्पट झालं, बाय. आता बोटं मिटत नाय."

पुढच्या रविवारी सुंदराबाईने मला माझा घास वेगळा काढून दिला. म्हणाली, "घेऊ नका, बायांनो." मी 'नो' गिळला. 'नका' शाबूत राहिलं.

मोतीबाईने पावडर ठेवणं बंद केलं. "जो बिकता नहीं, वो मी कशाला ठेवू?" अंबरनाथहून विहारात येणाऱ्या बायांनीही हीच खबर आपल्या वस्तीत सांगितली. शेवटी शेठ विहारात आला. "ताई, हा भोंगा बंद करा."

"हातमोजे द्या. मग मीच सांगते, घ्या म्हणून."

त्याने दिले. तिने सांगितलं, "घ्या, बायांनो." चार दिवस माझं फार कौतुक झालं.

मग भिकी हातमोजे दाखवायला आली. ते थोराड गड्यांच्या मापाचे होते, कोपरापर्यंत जाणारे. "बाय, एकात माझं दोन्ही हात मावतात. पुडी भराया गेले का मोजाच पुडीत जातो. मग काढूनच ठेवते."

सुंदराबाई आधी खूप हसली. मग म्हणाली, "ह्या रविवारी मापाचं बोलते." त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

आता घरोघरी टीव्ही आहे. काय घ्यावं ते तो दिवसभर सांगतो, कुणाच्या हातचं ते सांगत नाही. माझ्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलं आहे. धोंडिबा दर रविवारी मशीन लावतो. "हॅलो, माइक टेस्टिंग," म्हणतो, माइक शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे धरतो आणि मग बंद करतो.

मित्रांनो, मला रंग नको. पोचाही राहू द्या. कुणीतरी येऊन माझ्यात बोला. वस्तू घेताना ती कुणी बनवली ते विचारा, आणि कळलं ते शेजारी सांगा.

भिकी अजून त्याच शेडात जाते. मापाचे हातमोजे अजून आलेले नाहीत. ते मागणारं वाक्य माझ्यातून अजून कुणी बोललेलं नाही.