मरोळची दोन मजली अभ्यासिका

आमच्या वाचनालयाला एका पुढाऱ्याचं नाव आहे. ते मी इथे लिहीत नाही. त्या माणसाने खोलीत कधी पाऊल ठेवलेलं नाही, मग माझ्या कागदावर तरी त्याला कशाला येऊ द्यायचं?

मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्याला, पक्षाच्या शाखेला चिकटून ही पत्र्याची खोली आहे. बाहेर पेपर वाचायची उतरती फळी, आत पुस्तकांची दोन कपाटं, एक लांब टेबल, चार खुर्च्या, एक पंखा. विमा कंपनीतली माझी कारकुनी संपली त्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून चावी माझ्याकडे. मला कोणी नेमलेलं नाही. आधीच्या चावीवाल्याने गावी जाताना ती माझ्या हातात ठेवली, आणि मला नाही म्हणता आलं नाही. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी अशाच झाल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी पक्ष फुटला. सकाळी एका झेंड्याखाली चहा प्यायलेली माणसं संध्याकाळी दुसऱ्या झेंड्याखाली वडापाव खात होती, आणि दोन्ही वेळेला निष्ठेबद्दलच बोलत होती. शाखाप्रमुख चंद्रप्रकाश जुन्या गटात राहिला. त्याच्या हाताखाली वाढलेला नितेश नव्या गटात गेला आणि समोरच्याच गाळ्यात त्याने आपलं कार्यालय थाटलं. वाचनालय पक्षाचं, हे दोघांनाही मान्य होतं. पक्ष कुणाचा, एवढाच प्रश्न होता. त्यामुळे दोन वर्षं खोलीला कोणी हात लावला नाही, आणि ती दोन वर्षं खोलीला फार चांगली गेली.

त्या दोन वर्षांत अक्षता तिथे यायला लागली. चोवीस वर्षांची मुलगी, सरकारी भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी. दुपारी दोनला यायची, पंख्याखालच्या खुर्चीत बसायची आणि मी कुलूप हातात घेईपर्यंत उठायची नाही. घरी एका खोलीत पाच माणसं. वडील पूर्वी गिरणीत होते. यंत्रांच्या आवाजाने त्यांचे कान गेले, म्हणून टीव्ही मोठ्याने लागतो. तिची आई सुलक्षणा मला बाजारात भेटली की म्हणायची, "काकानू, तुमी आसास म्हणान आमका काळजी नाय." मला ते ऐकायला आवडायचं. माझ्या भरवशावर कोणी असल्याची मला सवय नाही.

परीक्षा जूनच्या दुसऱ्या रविवारी होती. तिचा हा तिसरा प्रयत्न. घरच्यांनी सांगून ठेवलं होतं की या वेळी नाही झालं तर चकाल्याच्या कॉल सेंटरची नोकरी धरायची.

मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता लागली, तशी महापालिकेची दोन माणसं खळ आणि रद्दी घेऊन आली आणि त्यांनी वाचनालयाच्या पाटीवरच्या पुढाऱ्याच्या चेहऱ्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. फळीवरचे पेपर वाचून झाले की लोक मान वर करून पाटीही वाचायला लागले. ती पाटी पहिल्यांदाच उपयोगी पडली असं मला वाटलं, पण मी कोणाला बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाश आला. तो मला मास्तर म्हणतो. मी कधीच मास्तर नव्हतो, पण चष्मा आणि झोळी असली की त्याच्या दृष्टीने माणूस मास्तर होतो.

"मास्तर, दोन महिने चावी द्या. निवडणूक कार्यालय टाकायचंय."

"इथे एक मुलगी अभ्यास करते," मी म्हणालो.

"मत आहे का तिचं?"

"आहे."

"मग आपलीच की. बसू दे कोपऱ्यात. पोरं बॅनर ठेवतील, चहा पितील, तिला काय त्रास?"

मी काही बोललो नाही. मला नाही म्हणता येत नाही, पण हो म्हणायलाही वेळ लागतो. त्याला बहुधा तो नकार वाटला. त्याने सूर बदलला.

"बरं, असं करू. आपल्या उमेदवाराच्या पत्रकात मरोळसाठी काहीतरी दणकेबाज पाहिजे. तुम्ही वाचलेले माणूस. अभ्यासिकेवर लिहून द्या चार ओळी. मी खोलीला हात लावत नाही. शब्द."

मी तीन दुपारी घरी टेबलाशी बसून अकरा पानं लिहिली. सांगायला लाज वाटते, पण इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मग कापत कापत एक परिच्छेद ठेवला. मरोळला दोन मजली अभ्यासिका होईल. खालच्या मजल्यावर वर्तमानपत्रं, वर अभ्यासाची शंभर टेबलं. खिडक्या पूर्वेला असतील, म्हणजे सकाळी दिवे लावावे लागणार नाहीत. ज्या मुलांच्या घरात जागा नाही, त्यांना दार बंद करून बसता येईल.

चौथ्या दिवशी नितेश आला. बुलेट फळीला टेकवून उभी केली, त्यामुळे पेपर वाचणारे दोघे बाजूला झाले.

"काय काका, त्यांना लिहून दिलंत म्हणे? आम्ही काय घोडं मारलंय तुमचं?"

"तसं काही नाही रे."

"मग आम्हालापण द्या ना एक झकास. खोलीचं टेन्शन घेऊ नका. आमच्याकडून कोण हात लावणार नाय. शब्द!"

दुसरं काही लिहायला मी बसलो होतो, पण मला दुसरी अभ्यासिका दिसेना. एकच दिसत होती, पूर्वेच्या खिडक्यांची. शेवटी तोच परिच्छेद मी स्वच्छ अक्षरात उतरवून त्याला दिला. मनात हिशेबही होता. कोणीही निवडून आलं तरी अभ्यासिका ठरलेली. मला स्वतःचं कौतुक वाटलं. असं कौतुक वाटलं की खरं तर सावध व्हायला हवं, पण बारा वर्षांत मी पहिल्यांदाच राजकारण करत होतो.

घरी मी आणि माझी थोरली बहीण पद्मजा, दोघंच असतो. तिला सांगितलं.

"म्हणजे दोघांनाही फसवलंस," ती म्हणाली.

"फसवलं कसं, ताई? दोघांना खरं तेच लिहून दिलं."

"त्यांना खरं लिहून दिलंस! मग झालंच तुझं."

एप्रिलमध्ये दोन्ही पत्रकं एकाच आठवड्यात दारात पडली. रंग वेगळा, चिन्ह वेगळं, हात जोडलेला फोटो वेगळ्या बाजूला. चौथ्या पानावर माझा परिच्छेद, दोन्हीकडे शब्दाला शब्द. मला वाटलं, आता दोघं एकमेकांवर चोरीचा आळ घेणार, प्रकरण माझ्यापर्यंत येणार. दोन दिवस मी वाचनालय उशिरा उघडलं.

काही झालं नाही. भाजीवाल्या मालनबाईने एका पत्रकात मला मिरच्या बांधून दिल्या, दुसऱ्यात कढीपत्ता. चंद्रप्रकाशच्या उमेदवाराने मैदानावरच्या सभेत परिच्छेद वाचून दाखवला, टाळ्या पडल्या. आठ दिवसांनी त्याच मैदानावर नितेशच्या उमेदवाराने तोच वाचला. त्याने पूर्वेऐवजी पश्चिमेच्या खिडक्या म्हटलं. टाळ्या त्याच ठिकाणी पडल्या. पहिल्या सभेत पुढे बसलेली बरीच माणसं दुसऱ्या सभेतही पुढे बसली होती. त्यांना दोन्हीकडे बिर्याणी मिळाली होती, आणि त्यातला फरक मात्र ती नेमका सांगत होती.

एकट्या अक्षताला ते कळलं. तिने दोन्ही पत्रकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"काका, दोन्ही तुमचंच ना?"

"कशावरून?"

"दिवे लावावे लागणार नाहीत, यावरून. यांच्यातलं कोण बिलाचा विचार करतंय?" ती हसली. "छान आहे हो. पण शंभर टेबलं कशाला? मला एकच पाहिजे, जूनपर्यंत."

ते वाक्य मला तेव्हा नीट ऐकू आलं नाही. ऐकू आलं असेल, पण मी शंभराच्या नादात होतो.

मे महिना लागला. एका सकाळी सातला गेलो तर माझं कुलूप तुटून गटारात पडलेलं. दाराला नवं कुलूप, आणि त्याच्यावर आणखी एक नवं कुलूप. पानवाल्याने सांगितलं ते असं. आदल्या संध्याकाळी मी गेल्यावर चंद्रप्रकाशच्या पोरांनी खोली फोडून आत बॅनर, टोप्या आणि गुटख्याच्या माळा भरल्या आणि कुलूप लावलं. ते कळताच नितेशच्या पोरांनी बाहेरून आपलं कुलूप ठोकलं. आता कोणालाच आत जाता येत नव्हतं. पुस्तकांची कपाटं मात्र त्याआधीच बाहेर काढलेली होती. एक फुटपाथवर आडवं पडलं होतं, दार उघडं, पुस्तकं तोंडावर पालथी.

दुपारी दोनला अक्षता आली. माझ्याबरोबर पुस्तकं उचलून पानवाल्याच्या टपरीत ठेवली, बॅग खांद्याला लावली आणि गेली.

मी चंद्रप्रकाशकडे गेलो. "शब्द दिला होता तुम्ही."

"मास्तर, मी हात लावणार नाही म्हटलं होतं. मी लावला? कार्यकर्त्यांनी लावला. आणि आपण घेतली नसती तर त्या गद्दारांनी घेतली असती. तुमच्यासाठीच केलं, समजा."

मग मी रस्ता ओलांडून नितेशकडे गेलो. तो पंख्याखाली मतदारयाद्या लावत बसला होता.

"काका, दोन मजली देतोय ना तुम्हाला! त्या पत्र्यात काय बसताय? इलेक्शन होऊ द्या."

तेव्हा मला राग आला. माझा राग फार उपयोगाचा नसतो. मी म्हणालो, "तो मजकूर मी त्यांनाही दिला होता. दोघांचा एकच आहे. शब्दाला शब्द."

मला वाटलं, आता हा उठेल, ओरडेल. तो नुसता हसला.

"मग काय झालं? वाचतंय कोण, काका? छापायला लागतं म्हणून छापतो. चहा घेणार?"

मी चहा घेतला. हेही सांगून टाकतो.

पुढचे चार दिवस मी तक्रारीचा मसुदा लिहीत होतो. निवडणूक अधिकाऱ्यांना, मग महापालिकेला, मग दोघांनाही प्रत. एकही पाठवला नाही. अक्षता उद्यानाच्या बाकावर बसते, तिथून रखवालदार उठवतो, मग ती कुणाच्या तरी जिन्यात बसते, असं सुलक्षणाने मला बाजारात सांगितलं. त्या दिवशी ती काळजीचं काही बोलली नाही. "बगया काय जाता ता," एवढंच म्हणाली आणि भाव करायला वळली.

घरी येऊन मी पद्माताईला देशाची अवस्था सांगितली. पक्ष, पुढारी, टाळ्या वाजवणारी जनता, सगळं. ती कोथिंबीर निवडत होती. माझं संपेपर्यंत थांबली.

"मधल्या खोलीत टेबल आहे ना?"

"त्याच्यावर पुस्तकं आहेत."

"मग?"

"ती विषयवार लावलेली आहेत, ताई."

"मार्तंडा, ती अकरा पानं तू कुठे बसून लिहिलीस रे?"

त्याच टेबलाशी बसून लिहिली होती, पुस्तकांच्या दोन ढिगांमध्ये कागदापुरती जागा करून. आणि ते अक्षताला द्यावं हे मला सुचलंच नव्हतं असं म्हणता येत नाही. मार्चमध्ये एकदा सुचलं होतं. मग दारातल्या तिच्या चपला डोळ्यांसमोर आल्या, ती पाणी मागेल, एखादं पुस्तक काढून दुसरीकडे ठेवेल, हे आलं. म्हणून एका मुलीची सोय मी थेट दिल्लीवर सोपवली. चंद्रप्रकाश आणि नितेश यांना मी मनातल्या मनात जी नावं ठेवली होती, ती मोजून बघितली तर बरीचशी मला लागत होती. त्यांनी निदान अकरा पानं तरी लिहिली नव्हती.

टेबल रिकामं करायला अख्खी सकाळ गेली. ढीग माझ्या पलंगाखाली गेले. विषय मोडले. त्याच दुपारी दोनला अक्षता आली. त्या खोलीची खिडकी पश्चिमेला, समोर वर्कशॉपची भिंत, आणि चार वाजता ऊन थेट वहीवर येतं. ताईने आपलं जुनं लुगडं तिथे बांधून दिलं. चपला दारातच होत्या. पाणीही तिने मागितलं. मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही, पण सोपं गेलं असंही म्हणणार नाही.

वीस मेला मतदान झालं. शाळेच्या बाहेर दोन्ही गटांची टेबलं होती. दोघांनीही मला माझ्या नावाची चिठ्ठी दिली आणि दोघंही म्हणाले, "आपलेच आहात." मी मत दिलं. कुणाला, ते सांगण्यासारखं नाही.

चार जूनला निकाल लागला. परीक्षेला पाच दिवस राहिले होते. नितेशचा उमेदवार निवडून आला. दुपारी तीनच्या सुमारास ढोल आमच्या इमारतीच्या खाली आले आणि थोड्या वेळाने बेल वाजली. दारात नितेश, केसांपासून बुटांपर्यंत गुलाल.

"काका, आलो आपण! आता आभाराचं पत्रक काढायचंय. दोन ओळी द्या ना. तुमचं ते भारी असतं. अभ्यासिकेचं पण टाका परत."

"मागचंच छाप," मी म्हणालो. "वाचत कोण नाही."

असं काही मी बोलेन हे त्याला अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. ताई मागे उभी होती म्हणून धीर आला की खरोखरच आला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"रागावलात काय? बरं, राहू द्या."

"नितेश, ते ढोल नाक्यापलीकडे घेऊन जा. आत मुलगी अभ्यास करते."

"लगेच नेतो, काका," तो जिना उतरता उतरता म्हणाला. "शब्द!"

ढोल आमच्या खिडकीखाली तासभर वाजले. मी मधल्या खोलीच्या दारात जाऊन पाहिलं. अक्षताने दोन्ही कानांत ताईच्या वातींचा कापूस घातला होता. तिने मान वर केली नाही. पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ ओढली आणि पान उलटलं.