अडीच किलोचा खांब

“निष्काळजीपणा?” सिस्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि शब्द तोच आहे ना, ते पाहिलं. “कुणाचा निष्काळजीपणा?”

“आई, शास्त्रीय लेख आहे तो. त्यात असंच लिहितात,” लेक म्हणाली. हा कागद घरी आणायची दुर्बुद्धी आपल्याला का झाली, असं तिला होऊन गेलं.

लेक कॉलेजच्या ग्रंथालयात होती. रोज सकाळी तिच्या संगणकावर नव्या संशोधनाची यादी येई: विज्ञान, आरोग्य, इतिहास, समाज, म्हणाल ते. पूर्वी असले लेख बड्या संस्थांच्या कडीकुलपात असत. आता त्यातले बरेच कुणालाही घरबसल्या उघडता येत. त्या यादीत आईचं प्रसूतिगृह दिसलं आणि तिने हौसेने लेख छापून आणला. सिस्टरांनी तिथे एकतीस वर्षं बाळं तोलली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीत त्या अजून ‘सिस्टर’च होत्या.

लेखात बाळांच्या जन्मवजनांचा आलेख होता. खांब हळूहळू चढत गेलेले. अडीच किलोपाशी मात्र एकच खांब सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेलेला, आणि त्याच्या अलीकडे खड्डा. खाली लिहिलं होतं की परिचारिकांनी निष्काळजीपणाने ढोबळ आकडे टाकले आहेत, सबब या नोंदी विश्वासार्ह नाहीत.

“एकतीस वर्षांत काटा शून्यावर आणल्याशिवाय त्यावर बाळ ठेवलं नाही मी!” सिस्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. “आणि हे उंटावरून शेळ्या हाकणारे मला सांगतायत?”

“मग हा खांब आला कुठून?”

“मी उभा केलाय तो.”

“तू? कसा?”

प्रसूतिगृहाचा नियमच तसा होता. अडीच किलोच्या आतलं बाळ जन्मताच आईपासून उचलायचं आणि वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत न्यायचं. आई खाली, बाळ वर, मध्ये बावीस पायऱ्या, आणि बाईला ताजे टाके. दहा दिवसांनी बाळ हातात यायचं तोवर कितीतरी जणींचं दूध आटलेलं असे. फार लहान बाळांना ती खोली हवीच होती, ते सिस्टर कधी नाकारत नव्हत्या. पण सव्वादोन-अडीचमधलं, चांगलं गळा काढून रडणारं बाळही त्यातच जाई. मोठ्या डॉक्टरांना त्यांनी तीनदा सांगून पाहिलं. ते तिन्ही वेळा हसले. मग सिस्टरांनी सांगणं सोडलं आणि रजिस्टरात अडीच लिहायला सुरुवात केली. खरं वजन पेन्सिलीने स्वतःच्या वहीत. ती बाळं आईच्या छातीशी, आणि दोघं सिस्टरांच्या नजरेखाली. रोज तोलायची, रोज लिहायचं.

“म्हणजे खोटी नोंद!” लेक दबक्या आवाजात म्हणाली. “आई, हे बाहेर बोललीस तर चौकशी लागेल तुझ्यामागे. म्हणू दे ना त्यांना निष्काळजी. विकतचं दुखणं कशाला?”

“खोटारडी म्हणू देत. ते खरं आहे,” सिस्टर म्हणाल्या. “निष्काळजी म्हणू देणार नाही.”

दुसऱ्या दिवशी त्या वही पिशवीत घालून विद्यापीठात हजर झाल्या. लेक रजा टाकून मागोमाग गेली, कारण आईला एकटीला भांडायला सोडायची तिची छाती नव्हती. लेख लिहिणारी संशोधक तिशीतली निघाली. सिस्टर बसल्याही नाहीत.

“तुम्ही आमच्या वॉर्डात कधी पाऊल टाकलंय?”

“नाही… आम्हाला नोंदी संगणकावरच मिळाल्या.”

“तरी वाटलंच. हे घ्या.”

संशोधकाने वही उघडली. पहिली दोन पानं तिने सवयीने चाळली. तिसऱ्या पानापासून तिचं बोट ओळीओळीवर थांबू लागलं. दोनशे बारा बाळं. जन्माचं वजन, रोजचं वजन, घरी जातानाचं वजन.

“सिस्टर, चूक माझी आहे,” ती अखेर म्हणाली. “विचारायला हवं होतं मी. दुरुस्ती छापते, तो शब्द काढते. आणि तुमची हरकत नसेल तर ही सगळी वही लेखाला जोडूया. आयांची नावं झाकून.”

एकेक पान यंत्राखाली जाऊ लागलं. आयांच्या नावांवर संशोधक कागदाची पट्टी धरी, लेक पान सपाट दाबे. एका पानाशी लेकीचा हात अडखळला. खाट सात. दोन किलो दोनशे ऐंशी. चार दिवसांची वजनं होती. पाचव्या दिवसाचा रकाना कोरा होता आणि पुढे काहीच नव्हतं.

“आई,” ती कुजबुजली, “हे एक पान राहू दे. दोनशे अकरा पुरेत.”

सिस्टरांनी त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. ते बाळ वर गेलं असतं तर वाचलं असतं का, हे त्यांनी एकोणीस वर्षं रोज स्वतःला विचारलं होतं, आणि उत्तर त्यांना अजून मिळालं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

“ते पान काढलंस तर बाकीची वही मी फाडून टाकीन,” त्या म्हणाल्या. “ठेव खाली.”

पान यंत्राखाली गेलं. पडद्यावर पेन्सिल पुसट उमटली.

“नीट वाचता येत नाहीये,” संशोधक म्हणाली.

“मग उजेड वाढवा आणि पुन्हा काढा.”

दुसऱ्या वेळी आकडे स्पष्ट आले.

“आता हे कुणालाही दिसेल?”

“कुणालाही. कुठूनही.”

“त्या आईलासुद्धा?”

संशोधकाने होकारार्थी मान हलवली. “तुमचं नाव झाकायचं असेल तर झाकता येईल, सिस्टर.”

“नाव घाला. हुद्दा घाला. घरचा पत्ताही घाला,” सिस्टर म्हणाल्या. “तिला काही विचारायचं असेल, तर मी सापडले पाहिजे.”

लेकीने पिशवीतून पेन काढलं आणि खाली मान घालून पत्ता लिहायला घेतला.