थोरलीचा की धाकट्याचा

फूटपट्टीकाकांनी खिशातून स्टीलची छोटी पट्टी काढली, काउंटरवरच्या लॅपटॉपच्या कडेला उभी धरली आणि एक डोळा मिटला.

"सोळा मिलिमीटर," ते म्हणाले. "तुमच्या कागदावर साडेपंधरा लिहिलंय."

"रबराचे पाय धरलेत तुम्ही," काउंटरवरची बाई म्हणाली. "पाय सोडून मोजा."

काकांनी पाय सोडून मोजलं. साडेपंधराच भरलं. त्यांनी मान डोलावली आणि पट्टी शेजारच्या लॅपटॉपला लावली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, पण असतं तरी बाईनं काकांना हटकलं नसतं. पन्नाशीची, बोलायला चटपटीत बाई होती. जवळजवळ रोज येऊन तेच दोन लॅपटॉप उलथेपालथे करणारा हा सडसडीत म्हातारा तिला आवडायला लागला होता. फूटपट्टीकाका हे नाव तिनंच ठेवलं होतं आणि ती त्यांना तोंडावर तसंच म्हणायची.

"आज कुणाचं वकीलपत्र?" तिनं विचारलं. "थोरलीचं की धाकट्याचं?"

"थोरलीचं. काल धाकट्यानं तिला पार गप्प केलंय. काहीतरी चांगला मुद्दा द्या."

"बॅटरी सांगा. मॅकची बॅटरी प्रवासात दिवसभर पुरते म्हणावं, चार्जर न्यायची कटकट नाही."

"ते सांगून झालं. तो म्हणतो, बाबा प्रवास करतात कुठे?"

"खरंच की. कुठे जाता तुम्ही?"

"इथे येतो," काका म्हणाले.

बाई हसली, आणि मग तिला हसल्याचं थोडं वाईट वाटलं असावं, कारण तिनं उगाचच दोन्ही लॅपटॉपच्या काचा पुसायला घेतल्या.

काकांचा उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात गेला होता. कुठली पाइपलाइन कुठून वळते, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या चेंबरमध्ये आहे, हे सगळं आधी बोर्डावर आणि मग संगणकावर त्यांच्या हातून उतरलं होतं. निवृत्त झाल्यावरही दोन-तीन जुने कंत्राटदार लहानसहान घरांचे नकाशे त्यांच्याकडून काढून घेत. घरचा जुना संगणक एके दिवशी सुरू होईना. दुरुस्ती करणाऱ्यानं तो उघडून बघितला, आत फुंकर मारली आणि नुसती मान हलवली. नवा घ्यावाच लागणार होता. मुलांना विचारू, असं काकांनी ठरवलं आणि तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

थोरली एका शहरात होती, धाकटा दुसऱ्यात. थोरली पुस्तकांची मुखपृष्ठं करायची. मॅकखेरीज दुसरं काही हातात धरणं तिला कमीपणाचं वाटे. धाकटा एका कारखान्याच्या हिशेबखात्यात होता, आणि विंडोज सोडून बाकीच्या गोष्टी शौकीन लोकांसाठी असतात असं त्याचं ठाम मत होतं. लहानपणी ही दोघं खिडकीजवळच्या खुर्चीसाठी, आंघोळीच्या नंबरासाठी, रेडिओचं बटण कुणी फिरवायचं यासाठी भांडायची. आता ती भांडतही नव्हती. आईच्या आजारपणात ऑपरेशन करावं असं धाकट्याचं म्हणणं पडलं, तिला शांतपणे घरी न्यावं असं थोरलीचं. ऑपरेशन झालं आणि आई घरी आलीच नाही. त्यानंतर बहीणभावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. काकांशी दोघंही बोलत, अगदी नेमानं फोन करत. पण एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचं नाव येत नसे. आलंच तर "तुमचा मुलगा" आणि "तुमची मुलगी" असं यायचं. जणू काकांनी ती दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणली होती.

थोरलीशी फोनवर लॅपटॉपचा विषय निघाला तेव्हा काका सहज बोलून गेले, "धाकटा म्हणतो, विंडोज घ्या. माझं नकाशांचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं."

एरवी भावाचं नाव निघालं की थोरली हवापाण्यावर जायची. त्या दिवशी ती उसळली. "त्याला काय कळतं? दर थोड्या दिवसांनी अपडेट मागत बसेल तो. आणि मॅकवर नकाशांची दुसरी सॉफ्टवेअर मिळतात म्हणावं. सांगा त्याला."

सांगा त्याला. हे दोन शब्द ऐकून काका खुर्चीत ताठ बसले. किती तरी दिवसांत थोरलीनं भावाला कसलाही निरोप धाडला नव्हता. त्यांनी लगोलग धाकट्याला फोन लावला. तोही चवताळला. "तुम्ही या वयात नवं सॉफ्टवेअर शिकत बसायचं का? तिला सांगा, नुसतं दिसायला छान असून भागत नाही."

तेव्हापासून काकांना उद्योग लागला. सकाळी एकाचा मुद्दा घ्यायचा, संध्याकाळी दुसऱ्याला पोचवायचा. मुद्दे कमी पडले की दुकानात जाऊन बाईकडून नवे आणायचे. वजन, काच, कळफलक, आतल्या पंख्याचा आवाज, कुणाला व्हायरसची भीती जास्त, कुणाचे भाग बदलता येतात. कधी मुद्दा फिका वाटला तर काका त्यात पदरचं तिखटमीठ घालत. धाकटा "महाग आहे" एवढंच म्हणाला असला तर थोरलीकडे ते "नुसता पैशाचा माज आहे म्हणतो" असं पोचायचं. थोरली "आवाज करतो" म्हणाली की धाकट्याकडे त्याची पिठाची गिरणी व्हायची. खोटं बोलणं काकांना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं, पण हे जमायला लागलं. घरातल्या दोन खोल्यांत पूर्वी जे भांडण चालायचं ते आता त्यांच्यातून जात होतं, आणि त्यात त्यांना बरं वाटत होतं. रिकाम्या घरात जेवताना ते दोघांची उत्तरं मनाशी घोळवत आणि एकटेच हसत.

"काका, असं किती दिवस चालवणार?" बाईनं एकदा विचारलं. "त्यांना एकमेकांशीच बोलू दे की."

ते त्यांच्या मनात बसलं. खरंच, इतकं पेटलंय तर आता समोरासमोर आणायला काय हरकत आहे? कडाकडा भांडतील, जुनं-नवं काढतील, आणि त्या भांडणात कधीतरी एखादा "अगं" किंवा "अरे" निघून जाईल. काकांना तेवढंच हवं होतं. लॅपटॉप कुठलाही चालला असता.

रविवारी सकाळी त्यांनी दोघांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. कसं करायचं ते बाईनं शिकवून ठेवलं होतं. काकांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. थोरली आली, मागे तिची पुस्तकांची मांडणी दिसत होती. मग धाकटा आला, मागे नुसती भिंत. दोघांनी एकमेकांना पाहिलं. काकांना वाटलं, धाकट्याचे केस किती गेलेत हे थोरलीला पहिल्यांदाच दिसत असणार.

"कशी आहेस?" धाकट्यानं विचारलं.

"बरी आहे. तू?"

"मजेत."

काकांनी घसा साफ केला. "तर लॅपटॉपचं काय ते आज तुमच्या दोघांच्या समोरच होऊन जाऊ दे. अरे, ही म्हणते, तुझा लॅपटॉप गिरणीसारखा आवाज करतो."

"करतो थोडा," धाकटा म्हणाला. "बरोबर आहे तिचं."

काका गोंधळले. "आणि हा म्हणतो, तुझा मॅक म्हणजे नुसता दिखावा."

"महाग आहेच," थोरली म्हणाली. "त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, बाबा."

काकांनी आणखी दोन-तीन मुद्दे टाकून पाहिले. प्रत्येक मुद्द्यावर ज्याच्यावर तो टाकला तो नमतं घेई. दोघांचे आवाज मऊ होते. बँकेत अनोळखी माणसाला आपल्या पुढे जाऊ देताना लोक बोलतात तसं ती बोलत होती. शेवटी काका काकुळतीला आले.

"हे बघा, मला यातलं काही समजत नाही. तुम्ही दोघं ठरवा, तुम्ही म्हणाल ते मी घेईन."

फोनमधली दोन्ही तोंडं एकदम बदलली. थोरलीनं खाली पाहिलं. धाकट्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढला. आपण काय बोललो ते काकांच्या लक्षात यायला एक क्षण लागला. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात डॉक्टर सही मागत उभे होते, दोन्ही मुलं त्यांच्याकडे पाहत होती, आणि तेव्हा काका हेच म्हणाले होते. मला काही समजत नाही. तुम्ही दोघं ठरवा. मग ते खाली जाऊन फाटकाशी उभे राहिले होते, आणि परत वर आले तोवर मुलांनी काय ते करून टाकलं होतं. ते त्यांनी आजवर कुणापाशी काढलं नव्हतं. मुलांनीही काढलं नव्हतं.

"तो म्हणतो तेच घ्या, बाबा," थोरली म्हणाली.

"नाही, तिचंच घ्या. तिला जास्त कळतं," धाकटा म्हणाला.

"अरे, पण काल तर तू..."

"काल मी तुमच्याशी बोलत होतो."

त्यानंतर धाकट्याला कुठेतरी जायचं होतं आणि थोरलीचं काम पडलं होतं. दोघं जपून राहा म्हणाली. आधी एक चौकोन गेला, मग दुसरा. उरलेल्या काचेवर काकांना आपला इस्त्रीचा शर्ट दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात गेले तेव्हा पट्टी खिशातच राहिली. बाईनं उत्सुकतेनं विचारलं, "काय मग, कोण जिंकलं?"

"कुणी भांडलंच नाही," काका म्हणाले. "विंडोजवाला द्या. माझं सॉफ्टवेअर त्यावर चालतं."

"हे तर तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो. माहीत होतं."

बाईला चेष्टा करायची होती, पण तिनं ती केली नाही. तिनं खोकं बांधून दिलं, धरायला वर सुतळीची मूठ केली, आणि काही अडलं तर या म्हणाली. काही नाही अडलं तरी या, असंही म्हणाली.

घरी आल्यावर काकांनी लॅपटॉप टेबलावर मांडला आणि सुरू केला. तो एकेक प्रश्न विचारायला लागला. कुठली भाषा, कुठलं नेटवर्क, ठावठिकाणा कळवायचा की नाही. काका प्रत्येक प्रश्न शेवटपर्यंत वाचत आणि उत्तर देत. विचारायला कुणी नव्हतं आणि तशी गरजही पडली नाही. अर्धं काम झाल्यावर त्यांनी ते तसंच ठेवून थोरलीला फोन लावला.

"घेतला मी लॅपटॉप. विंडोजचा घेतला."

"बरं केलंत. त्यानं सांगितला तोच का?"

"त्यानं नाही सांगितलं. माझा मी ठरवला."

थोरली हळू म्हणाली, "येतं की तुम्हाला ठरवता, बाबा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच ते काकांना जास्त लागलं. त्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"तेव्हाही मीच ठरवायला हवं होतं," ते म्हणाले. "सही माझी हवी होती. मी खाली निघून गेलो आणि तुम्हा दोघांच्या अंगावर टाकलं. तिचं जे झालं ते होणारच होतं, पण तुमचं जे झालं ते माझ्यामुळे झालं. त्याचंही चुकलं नाही आणि तुझंही नाही."



"हे त्यालाही सांगा," थोरली म्हणाली. "त्याला जास्त गरज आहे."

"सांगतो. आत्ताच लावतो."

काकांनी आधी डोळे पुसले, पाणी प्यायलं आणि मग धाकट्याचा नंबर लावला. फोन व्यस्त होता. थोड्या वेळानं पुन्हा लावला. अजून व्यस्त. ते फोन ठेवणार, एवढ्यात त्यांच्या मनात आलं की थोरलीनंच त्याला लावला असेल. त्याला गरज आहे म्हणाली ती. बाबा सांगेपर्यंत कशाला थांबायचं, असं वाटलं असेल तिला. थोरलीच ती, तिला धीर कधी निघतो?

हे मनात आलं आणि काकांना घरात बसवेना. त्यांनी चहा टाकला, दूध जास्तच पडलं. गॅलरीत जाऊन आले. समोरच्या घरात कुणीतरी चादरी झटकत होतं, ते उगाच बघत राहिले. घाई करायची नाही, त्यांना पुरतं बोलू दे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. इतक्या दिवसांचं साचलेलं बोलायला वेळ लागणारच. चहा संपला तसा त्यांनी तिसऱ्यांदा नंबर लावला आणि फोन व्यस्त आहे हे ऐकून समाधानानं मान हलवली.

आता फक्त खात्री करून घ्यायची होती. थोरलीचाही फोन व्यस्त लागला की झालं. त्यांनी तिचा नंबर लावला आणि कान देऊन उभे राहिले.

पहिल्याच घंटीला तिनं फोन उचलला.

"काय बाबा? बोललात का त्याच्याशी?"

काका खुर्चीवर बसले.

"नाही," ते म्हणाले. "त्याचा लागत नाहीये. लावतो परत."