न लागलेला कागद

मंगलाबाईंनी टाइपरायटरवरचं रेक्झिनचं आवरण ओढून काढलं, तशी कित्येक वर्षांची धूळ शेजारच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसली.

"अहो बाई, काय हे!" ज्ञानेश खुर्ची मागे सरकवत ओरडला. कचेरीतला कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात होता. "आता पुसा तुम्हीच."

बाईंनी लक्ष दिलं नाही. त्यांच्या हातात सकाळी प्रिंटरमधून निघालेला कागद होता आणि त्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता पाचोळा पडलेला होता.

समोरच्या बाकावर बुधा बसला होता. सुरगाण्याच्या डोंगरातून नाशिकला ही त्याची तिसरी खेप. जंगलातली जी जमीन तो बापापासून कसत आला, तिचा हक्क मागायचा तर जुना पुरावा हवा होता. पुरावा म्हणजे याच कचेरीने अठ्ठ्याण्णव साली केलेली कसणाऱ्यांची यादी. दावा द्यायला सोमवारपर्यंतची मुदत होती आणि आज शुक्रवार उजाडला होता.

यादी कॉम्प्युटरवर चढली तेव्हा मूळ कागद रद्दीत गेले. आता सगळं आत आहे, कागद कशाला जपायचे? पुढे तो कॉम्प्युटरही भंगारात गेला आणि त्याच्याबरोबर त्यातला मराठी फॉण्टही गेला. नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की मराठीच्या जागी ही इंग्रजी अक्षरं. ज्ञानेशने सात-आठ फॉण्ट लावून पाहिले, दर वेळी वेगळ्या तऱ्हेचा कचरा निघाला. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, तसला सगळा कारभार.

मंगलाबाई या कचेरीच्या टायपिस्ट. होत्या, म्हणायला हवं. सव्वीस वर्षं त्यांच्या पत्रात कुणाला खाडाखोड दिसली नाही. मग कॉम्प्युटर आला आणि बाईंना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं, तिकिटं चिकटवायला आणि शिक्के मारायला. ते त्यांना फार लागलं होतं. मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या.

सकाळी तो पाचोळा टेबलावर पडलेला पाहताना त्यांची बोटं आपोआप हलली. जुना फॉण्ट टायपिस्ट लोकांच्या सोयीचा होता. मराठी टाइपरायटरवर जी कळ ज्या अक्षराची, तीच तिथेही. म्हणजे कागदावरचं इंग्रजी अक्षर एवढंच सांगत होतं की त्या वेळी कोणती कळ दाबली गेली. तीच कळ आता मराठी मशीनवर दाबायची.

"जमेल का हो, बाई?" बुधाने विचारलं.

"बघू."

रिबन वाळून गेली होती. त्यांनी कोऱ्या कागदावर कार्बन ठेवला, दोन्ही रुळात घातले आणि ठोकायला सुरुवात केली. डोळे इंग्रजी वाचत होते, बोटं इंग्रजी टायपिंगच्या सवयीने पडत होती आणि कागदावर मराठी उमटत होतं. मधेच कळफलकावर नसलेली चिन्हं येत, तिथे बाई थांबत, पुढचंमागचं पाहून अक्षर ठरवत. बुधाच्या पाड्याचं एकच पान होतं. त्याला दोन तास लागले. अकराव्या ओळीला त्या थबकल्या.

"बापाचं नाव लखमा का रे?"

"व्हय."

बाईंना एकदम हसू आलं. तेवढा आनंद त्यांना त्या खोलीत कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

कचेरीच्या साहेबांनी सहीसाठी आत आलेले दोन्ही कागद, प्रिंटरचा आणि टाइपचा, शेजारी-शेजारी धरले.

"हे टाइप केलेलं कुठून आणलं?"

"फाइलमध्ये आहे तेच आहे, साहेब. अक्षर न् अक्षर."

"फाइलमध्ये हे आहे." साहेबांनी पाचोळ्यावर बोट ठेवलं. "नक्कल म्हणजे जसंच्या तसं. कॉम्प्युटरमधून निघालंय त्याच्यावर मी सही करतो. तुम्ही घरचं काही ठोकलंत तर मी कशाला अडकू?"

"पण साहेब, ते वाचता येत नाही."

"तो माझा प्रश्न नाही."

त्यांनी पाचोळ्यावर सही केली. शिक्का बाईंच्याच टेबलावर होता. 'खरी नक्कल' हे शब्द बाईंनी स्वतःच्या हाताने त्या कागदावर उठवले आणि दोन्ही कागद बुधाला दिले.

"हा टाइपचा मागे जोड. वाचणाऱ्याला हाच लागेल, विसरू नकोस."

बुधाने दोन्ही कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवी बंडीच्या आत सरकवली आणि तो निघाला.

मार्चच्या शेवटच्या दिवशी बाईंना शाल-नारळ मिळाला. भाषणात साहेबांनी त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं. बाई टेबलाचा खण रिकामा करत होत्या, तेवढ्यात दारातून बुधा आला. त्याच्या खांद्यावर नागलीची म्हणजे नाचणीची पिशवी होती.

"दावा मंजूर झाला!" तो ज्ञानेशला म्हणाला. त्याने पिशवी कॉम्प्युटरपाशी ठेवली आणि त्या पेटीला वाकून हात जोडले. "हिनं काम केलं. दाव्याच्या कचेरीत साह्यबाची सही बघितली, शिक्का बघितला, अन् घेतलाच कागद."

ज्ञानेश खूश झाला. "सिस्टिम आहे बाबा, सिस्टिम."

मग बुधा बाईंच्या टेबलाशी आला. बंडीतून त्याने चार घड्यांचा कागद काढला आणि अदबीने पुढे धरला.

"बाई, हा तुमचा. तिथं म्हणले, ह्यावर शिक्का नाय, हा काढा. लागलाच नाय."

बाईंनी कागद घेतला. घड्यांवर कार्बन फिका पडला होता. त्यांना राग आला, पण तो धरायचा कुणावर? याचं काम तर झालं होतं. मग त्यांनी चष्मा लावला.

"बस जरा."

बुधा बसला. बाईंनी अकराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "बुधा लखमा गावित. उंबराचा माळ. एक हेक्टर चाळीस आर. नागली, वरई. बांधावर मोहाची झाडं तीन."

बुधा कान देऊन ऐकत होता. संपल्यावर त्याने मान हलवली.

"दोन हायत आता. एक पडलं." मग म्हणाला, "बाकी समदं बराबर. पर हे मला आजपातूर कुणी वाचून नव्हतं दावलं."