चाकनाथ महाराजांचा बारीक टायर

देऊळगाव राजाबाहेरच्या उतारावर रविवारी सकाळी पाचेकशे माणसं जमली होती. मधोमध दोन सायकली आणि चाकनाथ महाराज. अंगात भगवा टी-शर्ट, गळ्यात रुद्राक्ष, डोक्यावर सायकलचं हेल्मेट.

"भक्तहो, रुंद टायर म्हंजे सुटलेला देह! धरतीच्या मोहात चिकटून राह्यते. बारीक टायर म्हंजे वैराग्य! तेवीस मिलिमीटरचा टायर, त्यावर आपली विभूती, अन् हवा दगडावानी टाइट. मंग वारा सोताहून बाजूले होते!"

ढोल कडाडले. महाराजांनी दोन्ही सायकलींच्या चाकांना हात लावून बराच वेळ मंत्र पुटपुटला. पायडल न मारता उतार उतरायचा, एवढीच परीक्षा. बसायला राखी. कडूबांची ही मुलगी मिरचीच्या वावरात राबून ट्रायथलॉनची तयारी करत होती. पोहणं, सायकल आणि धावणं अशी ती सलग शर्यत आठ दिवसांवर आली होती.

राखी आधी स्वतःच्या सायकलवर बसली. टायर अठ्ठावीस मिलिमीटरचे. सायकल पुलाच्या अलीकडेच थांबली. मग विभूतीवाल्या बारीक टायरवर बसली, तर थेट पुलापलीकडे. लोकांनी जयजयकार केला. महाराजांच्या तंबूत विकायला ठेवलेल्या टायरांवर झुंबड उडाली. वारा बाजूला होतो म्हटल्यावर दोन बैलगाडीवालेही रांगेत लागले.

"बदलून टाकू पोरी टायर," कडूबा हात जोडून म्हणाले.

"बाबा, हर्षलदादानं बदललेच होते ना?"

राखीसोबत सराव करणारा हर्षल गर्दीतच होता, हात गळ्यातल्या झोळीत. महिन्यापूर्वी महाराजांचेच हे दगडासारखे टायर बारीक खडीवर घसरले आणि त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.

"त्याची श्रद्धा ढिली होती!" महाराज कडाडले.

हर्षलनं मान खाली घातली. ते पाहून राखीचं डोकं फिरलं. तिनं पिशवीतून हवा मोजायचं मीटर काढलं आणि आपल्या सायकलच्या चाकाला लावलं.

"घरून निघताना सत्तर पौंड हवा भरली होती. आता पंचवीस हाय. काऊन, महाराज?"

"मोहाची हवा टिकत नसते, बेटी."

"बरं." तिनं पंपानं पुन्हा सत्तर भरली, मीटर लोकांना दाखवलं. "आता पुन्हा मंत्र म्हणा. पण ढोल बंद."

महाराज कुरकुरले. पण पाचशे लोक पाहत होते. त्यांनी चाक धरलं, डोळे मिटले, ओठ हलवले. आणि त्या शांततेत स्वच्छ ऐकू आलं,

"फुस्स्स..."

राखीनं त्यांचं मनगट पकडून वर केलं. अंगठा वॉल्व्हवर, नखाखाली वॉल्व्हची सुई दाबलेली.

"अबे, हा तं हवा सोडून राह्यला!" कोणीतरी ओरडलं. मग सगळेच हसले.

राखीनं तिसऱ्यांदा हवा भरली आणि उतारावरून निघाली. या वेळी तिची सायकल पूल ओलांडून बारीक टायरच्याही वीसेक पावलं पुढे जाऊन थांबली.

"यात मंत्र नाही," चढ चढून परत आल्यावर ती धापा टाकत म्हणाली. "आपला रस्ता उखडलेला हाय. बारीक, टाइट टायर दर खड्ड्यावर उडते, वेग तिथंच सांडते. रुंद टायर थोडा नरम ठेवला का खड्डा गिळते अन् वळणावर धरून राह्यते. गुळगुळीत रस्ता असला तं बारीक टायर वाऱ्याले जरा कमी अडवते, हेही खरं. म्हून रस्ता पाहा, आपलं वजन पाहा, घड्याळ लावून दोन्ही चालवून पाहा."

महाराज दुपारपर्यंत गाव सोडून गेले. कडूबा मात्र हर्षलजवळ गेले. म्हणाले, "तुले दोष देल्ला मीबी. चुकलंच माह्यं."

शर्यतीत राखी चौथी आली. गोष्टीच्या हिशेबानं पहिली यायला हवी होती, पण रुंद टायर काही चमत्कार करत नाही. पुढच्या तिघी खरोखरच तिच्यापेक्षा वेगवान होत्या.

वाचकहो, खरी गोष्ट कितीही वेळा तपासली तरी चिडत नाही. तुमच्या प्रश्नानं ज्याचा मंत्र बिघडतो, त्याच्या हाती पोराचं शरीर देऊ नका. आधी ढोल थांबवायला सांगा आणि मोजून पाहा.